अनंताला एक मिलिमीटर कमी

जुन्या लेन्सच्या बाजारात उलटा न्याय चालतो. जो दोष नव्या लेन्समध्ये निघाला तर माणूस बिल घेऊन दुकानदाराशी भांडायला जाईल, तोच पन्नास वर्षांपूर्वीच्या लेन्समध्ये असला की तिचा भाव चढतो. फोटोच्या कडा मऊ येतात? वा! उजेडाकडे तोंड केलं की सगळा फोटो दुधाळ होतो? क्या बात है! ट्रायोप्लान नावाची एक जुनी जर्मन लेन्स आहे. आत अवघी तीन भिंगं. तिच्यात मागचे दिवे साबणाच्या फुग्यांसारखे दिसतात आणि त्या फुग्यांपायी लोक तिला नव्या लेन्सचा भाव देतात. मीही पन्नाशी ओलांडली आहे, माझ्याही कडा मऊ झाल्या आहेत, उन्हाकडे तोंड केलं की मलाही धड दिसत नाही. पण माझा भाव चढल्याचं घरात कुणाच्या कानावर आलेलं नाही.

मला भुरळ पडली ती हेलिऑस ४४-२ची. ५८ मिलिमीटर, एफ/२. हिचा दोष असा, की अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं आणि मागे झाडाची पानं असली तर ती मधल्या माणसाभोवती गरगर फिरताना दिसतात. मूळची जर्मन कुळातली. येना गावच्या कार्ल झाइसची 'बायोटार' ही १९३०च्या दशकातली लेन्स. महायुद्धात जर्मनी हरला आणि नुकसानभरपाई म्हणून येनातली यंत्रं, आराखडे आणि काही माणसंसुद्धा रशियात गेली. त्यातून बायोटारचा हा रशियन अवतार झाला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून ती झेनिट कॅमेऱ्यांच्या तोंडावर बसून इतकी बाहेर पडली, की आज कुठल्याही जुन्या बाजारात जरा उकरलं तर सापडते.

मला ती रविवारी मंगळवार पेठेत सापडली. पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेले पाने, एकेकटे बूट आणि कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे यांच्या मधोमध एक झेनिट बसला होता. मी सराईतपणे आधी पान्यांची चौकशी केली. पाने घेणाऱ्याचा चेहरा माझा नाही हे त्या माणसाने ओळखलं आणि झेनिट उचलून सरळ माझ्या हातात दिला. मोबाइलचा टॉर्च लावून आरपार पाहिलं, तर कडेला बुरशीची बारीक जाळी.

"बुरशी आहे," दर पाडायला मी म्हणालो.

"रशियाचा बर्फ पचवलाय साहेब तिनं. पुण्याची बुरशी काय वाकडं करणार?"

लेन्सचा नंबर ७८ने सुरू होत होता, म्हणजे जन्म १९७८चा. मी तेव्हा बालवाडीत होतो. मन हळवं झालं आणि हळवा झालेला माणूस घासाघीस करू शकत नाही. "नुसती लेन्स दे," एवढंच म्हणून पाहिलं.

"जोडीनं आलेत, जोडीनंच जातील."

अठराशे रुपयांना जोडी घरी आली. झेनिटचं शटर मेलेलं होतं, त्यामुळे तो तेव्हापासून पेपरवेट आहे.

घरी निकॉनचा एक जुना डीएसएलआर होता. त्याच्यावर ही लेन्स बसवायला एक कडं लागतं, अॅडॅप्टर म्हणतात त्याला. ऑनलाइन पाहिलं तर दोन प्रकार: एक काचेसकट, एक काचेविना. काचेविनाचा तीनशे रुपयांनी स्वस्त. काच लेन्समध्ये असताना अॅडॅप्टरमध्ये पुन्हा काच कशाला, असा बिनतोड विचार करून स्वस्तातला मागवला.

पहिली मोहीम सिंहगडावर. पावसाने उघडीप दिलेली, पलीकडे राजगड आणि तोरणा असे लख्ख की बोट लावावं. मी फोकसची रिंग अनंताच्या खुणेवर नेली, म्हणजे तो आडवा पडलेला आठ. तोरणा दिसेना. रिंग आणखी रेटली, ती शेवटाला टेकली. तोरण्याच्या जागी करड्या रंगाचा एक ढब्बा होता आणि राजगड त्याच्यात मिसळलेला. लेन्स पुसली, चष्मा पुसला, ढगांना नावं ठेवली. तेवढ्यात पिठलं-भाकरी आली. ती मात्र अशी काही फोकसमध्ये आली की ठेच्यातल्या मिरचीची बी न बी मोजून घ्यावी. कांद्यावरचं मीठसुद्धा दिसत होतं. ताटापलीकडे बसलेली बायको जराशी धुरकट, आणि तिच्यामागचा सगळा महाराष्ट्र गायब.

कारण घरी आल्यावर कळलं. लेन्स बसते ती बैठक आणि आतली फिल्म किंवा सेन्सर यांच्यात प्रत्येक पद्धतीचं एक ठरलेलं अंतर असतं. हेलिऑसच्या एम-४२ आट्यांचं अंतर ४५.४६ मिलिमीटर, निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५. म्हणजे माझी लेन्स सेन्सरपासून मुळातच एक मिलिमीटरभर लांब बसत होती, वर कड्याची जाडी वेगळी. लेन्स सेन्सरपासून जितकी पुढे सरकेल तितकं तिला जवळचंच दिसतं; दूरचं सुटतं. एवढ्याशा फरकाने तिची दृष्टी दोन-तीन मीटरवर संपत होती. ती महागड्या अॅडॅप्टरमधली काच हेच अंतर भरून काढायला असते. पण तिने म्हणे चित्र बिघडतं, असं जाणकारांचं मत वाचलं. त्या मताने मला फार धीर आला, कारण त्यावरचा उपाय एकच उरत होता: नवा कॅमेरा.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे बैठक सेन्सरच्या अगदी जवळ असते. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिलिमीटर. उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटर भरायला काच नको की वीज नको, नुसती पोकळ नळी पुरते. मी हे सगळं कागदावर काढून बायकोला दाखवलं. तिने कागद उलटसुलट पाहिला.

"म्हणजे बटण स्वस्तात मिळालं म्हणून तुम्ही कोट शिवायला टाकताय."

कोट आला. लेन्स बसवली, बटण दाबलं, कॅमेऱ्याने पडद्यावर लिहून दाखवलं की लेन्स जोडलेली नाही. पाव किलोचं रशियन धातुकाम त्याच्या तोंडावर बसलेलं आणि हा म्हणतो, लेन्स नाही! तिच्याकडून विजेचा एकही निरोप येत नाही, म्हणून त्याच्या लेखी ती अस्तित्वातच नाही. मेनूच्या पोटात 'लेन्स नसली तरी फोटो काढ' अशी एक सोय दडलेली असते, ती शोधण्यात संध्याकाळ गेली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव रिकामं आणि अॅपर्चरची जागा कोरी असते. कागदोपत्री पाहिलं तर हे फोटो कुणी काढलेलेच नाहीत. पुढे जे घडलं ते पाहता ही सोय फार दूरदृष्टीने ठेवलेली आहे.

आता या कॅमेऱ्याला माणसाचा डोळा ओळखता येतो. कुत्र्या-मांजरांचा, पक्ष्याचाही येतो. डोळा दिसला की फोकस तिथे चिकटतो आणि माणूस हलला तरी सुटत नाही. एवढं शिकलेलं यंत्र मी रोख पैसे मोजून घेतलं आणि त्याला सांगितलं, तू बस, मी करतो. यात किती धोका आहे हे कळायला चुलतभावाच्या मुलाची मुंज यावी लागली.

कार्यालयात रीतसर फोटोग्राफर होता, पण मी आधीच जाहीर केलं होतं की तो नुसते फोटो काढेल, क्षण मी पकडेन. हेलिऑस ४४-२वर अॅपर्चरच्या दोन रिंगा असतात. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरी फिरवून लेन्स उघडायची किंवा त्या आकड्यापर्यंत मिटायची. उघडून फोकस लावा, मिटून फोटो काढा, अशी शिस्त. मी मिटायचं सोडून दिलं. हिचा भोवरा दिसतो तो पूर्ण उघडल्यावरच, मग मिटायची कशाला?

आता हिशेब ऐका. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ५८ मिलिमीटरची लेन्स एफ/२ला ठेवली आणि समोरचा माणूस एक मीटरवर असला, तर फोकसमध्ये येणाऱ्या पट्ट्याची जाडी जेमतेम अडीच सेंटीमीटर. आठ वर्षांचा बटू अडीच सेंटीमीटरमध्ये मावत नाही. त्यात तो स्थिर बसत नाही. मातृभोजनाला आईने घास उचलला की तो पुढे झुकणार, मागे बसलेल्या मित्राने खोडी काढली की वळणार, मधूनच नवीन शेंडी चाचपणार. मी रिंग फिरवत त्याच्या नाकापर्यंत पोचलो की तो मागे गेलेला असायचा, मागे गेलो की पुढे.

मदतीला कॅमेऱ्यात एक युक्ती असते, फोकस पीकिंग. जिथे फोकस लागला असेल तिथल्या कडा लाल चमकतात. मी लाल दिसला की बटण दाबत सुटलो. या युक्तीचा स्वभाव मात्र असा की तिला ठसठशीत कडा प्रिय. बटूच्या गोबऱ्या गालाला कडा कुठून असणार? ताटाभोवतीच्या रांगोळीला भरपूर, केळीच्या पानाला भरपूर, वहिनीच्या नथीतल्या मोत्यांना तर विचारू नका. सगळं कसं लालेलाल झालं होतं आणि मी आतल्या आत स्वतःची पाठ थोपटत होतो.

तो फोटोग्राफर पोरगा पंचविशीतला असेल. जवळ येऊन म्हणाला, "काका, मॅन्युअल? भारी! एफ/८ला टाका, तीन मीटरला फोकस धरा आणि रिंगेला हातच लावू नका. अडीचपासून साडेतीन मीटरपर्यंत सगळे येतील."

सल्ला सोन्याचा होता. पण एफ/८ला मिटली की हेलिऑस इतर कुठल्याही शहाण्या लेन्ससारखी वागते. पार्श्वभूमी जागच्या जागी बसते. मग मी कोट कशाला शिवला होता? मी त्याच्याकडे बघून हसलो. आपण हे मनापासून करतो आणि हा पोटासाठी, असं जे एक हसू असतं ते. त्याने बिचाऱ्याने बटूचे दोन्ही डोळे आणि आईच्या डोळ्यातलं पाणी टिपून घेतलं आणि तो पंगतीकडे निघून गेला.

संध्याकाळी भावाने फोटो टीव्हीवर लावले. सत्यनारायणाला जमतात तितके लोक जमले.

"हा कोण?"

"बटू."

"असं होय! द्रोण छान आलाय पण."

पुढच्या फोटोत नथ. पुढच्या फोटोत नथ आणि तूप. भिक्षावळीच्या फोटोत झोळीचं सूत मोजता येत होतं, आणि झोळी धरणारा तो नुसता पिवळ्या सोवळ्याचा पुंजका. मग आले आमचे मोठे मामा. त्यांच्यामागे कार्यालयाच्या दिव्यांच्या माळा होत्या, आणि हेलिऑसने आपलं कसब इथे दाखवलं. दिवे लांबुळके होऊन मामांच्या डोक्याभोवती फेर धरून निघालेले. एवढा भोवरा मी जाहिरातीतही पाहिला नव्हता. मी उठून उभा राहिलो, सगळ्यांना हे किती दुर्मिळ आहे ते समजावू लागलो. मामांना चक्करचा त्रास आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "बंद करा रे ते, मांडव फिरतोय."

लेन्स दोषी ठरू नये म्हणून मी दोष ग्रीसवर घातला. त्यात थोडं तथ्यही होतं. या जुन्या रशियन लेन्समधलं ग्रीस वर्षानुवर्षांनी सुकून घट्ट होतं आणि रिंग हिसके देत फिरते. ग्रीस बदललं की झालं. बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणला, डायनिंग टेबलावर पांढरा पंचा अंथरला. तिळाएवढे तीन स्क्रू काढायचे, त्यातला एक पहिल्याच मिनिटाला फ्रिजखाली गेला. उरलेली लेन्स मात्र इतक्या समजूतदारपणे उलगडत गेली की आपण हे आधीच का केलं नाही असं वाटलं. रिंग फिरवत फिरवत दोन नळ्या सुट्या झाल्या. आतलं ग्रीस तपकिरी, चिकट, जुन्या शिवणयंत्राच्या तेलाचा वास. रॉकेलने पुसलं, नवं ग्रीस लावलं, नळ्या पुन्हा जुळवल्या.

आता रिंग लोण्यासारखी फिरत होती आणि अर्ध्यात अडकत होती.

लेन्सच्या या नळ्यांना हेलिकॉइड म्हणतात. साध्या बरणीच्या झाकणाला आटे सुरू व्हायची एक जागा असते, हिला बऱ्याच असतात. नळी त्यातल्या कुठल्याही जागेतून आत शिरते, गोडीगुलाबीने फिरते आणि चुकीच्या ठिकाणी पोचते. खरी जागा एकच. म्हणून जाणकार माणूस नळ्या सुटतात त्या क्षणी तिथे पेन्सिलीने खूण करतो. मी त्या क्षणी 'सुटलं, सुटलं!' असं ओरडलो होतो. एका जागेतून घातली तर अनंताच्या आधीच अडकायची. दुसरीतून घातली तर अनंत ओलांडून पलीकडे जायची, जिथे बघण्यासारखं काही नसतं. रात्री डायनिंग टेबल मोकळं होईना म्हणून सगळ्यांनी गॅलरीत उभ्याने जेवण केलं.

शेवटी मुंबईला फोर्टमधल्या बोरा बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराकडे सगळा ऐवज प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन गेलो. त्याने पिशवीत पाहिलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कुणी उघडली?"

"मित्राने."

"हं." त्याने नळ्या हातात घेतल्या, नुसत्या बोटांनी चाचपत एक जागा धरली, फिरवली, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीकडे रोखून पाहिलं, आणि झालं. फ्रिजखाली गेलेल्या स्क्रूच्या जोडीचा स्क्रूही त्याच्या डबीत निघाला. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. पैसे मात्र लेन्सच्या किमतीहून जास्त.

"एवढे?"

"लेन्स उघडली असती तर कमी झाले असते साहेब. ही उघडून बंद केलेली आहे. निम्मे मित्राकडून घ्या."

इथे थांबायला हरकत नव्हती. पण माझ्या या नादाची वार्ता सासऱ्यांपर्यंत गेली आणि त्यांनी माळ्यावरून त्यांचा आसाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक उतरवला. वर बसवलेली लेन्स सुपर-टाकुमार, ५० मिलिमीटर, एफ/१.४. बोटीवर असलेल्या मित्राने त्यांना तारुण्यात आणून दिलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्या हाती दिला. मुलगी देताना त्यांनी इतकं सावरून दिल्याचं मला आठवत नाही.

लेन्सच्या काचा चहासारख्या पिवळ्या पडल्या होत्या. हे वयाने होत नाही, थोरियमने होतं. त्या काळात काही भिंगांच्या काचेत थोरियम मिसळायचे; त्याने प्रकाश जास्त वळतो आणि रंग कमी फाटतात. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सापडतं तेच हे थोरियम. ते किंचित किरणोत्सारी असतं आणि वर्षानुवर्षांत स्वतःचीच काच पिवळी करतं. वापरायला धोका नाही, असं मी घरात समजावून सांगितलं. "किंचित म्हणजे किती दिवस?" या सासूबाईंच्या प्रश्नाला मात्र खरं उत्तर द्यायला नको होतं. थोरियम निम्मं व्हायला १,४०० कोटी वर्षं लागतात. त्या सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं हे माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर होतं!"

पिवळेपणावर उतारा सोपा: ऊन. अतिनील किरणांनी काच हळूहळू पुन्हा पांढरी होते. मे महिना होता, सासूबाईंच्या गच्चीवर पापडांचा घाट होता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बायका लाटत होत्या, लाटलेले पापड जुन्या सुती साडीवर पसरले जात होते. दुपारी सगळ्या जेवायला खाली गेल्या तसा मी टाकुमार घेऊन वर गेलो. लेन्सला वरून ऊन हवं, खालून हवा हवी. त्याच साडीच्या कडेला दोन पोळपाट शेजारी शेजारी ठेवले, मधल्या फटीवर लेन्स उभी केली, दोन्ही झाकणं काढली, अॅपर्चर पूर्ण उघडलं, फोकस अनंतावर ठेवला आणि आमरसाला खाली आलो.

मे महिन्याच्या मध्यात पुण्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून वर्तमानपत्रात बातमीही येते. ती मी सकाळीच वाचली होती.

पहिल्यांदा वास शेजारच्या काकूंना आला. वर धावलो तर साडीतून धुराची बारीक रेघ निघत होती. लेन्स बाजूला केली, तांब्याभर पाणी ओतलं, त्यात दोन रांगा पापड गेले. मग खाली बसून नीट पाहिलं. साडीवर भोक नव्हतं. सेंटीमीटरभर लांब, बारीक, काळी, सरळ रेघ होती. सूर्य सरकत होता तसतसं त्याचं टाचणीच्या टोकाएवढं चित्रही साडीवरून सरकत गेलं होतं आणि सरकता सरकता जळत गेलं होतं. रेघेची कड ब्लेडने कापल्यागत रेखीव. मी खिशातली पट्टी काढून पोळपाटाची उंची मोजली. साडेचार सेंटीमीटर. एम-४२चं अंतर ४५.४६ मिलिमीटर! ज्या अनंतापायी मी दोन अॅडॅप्टर, एक कॅमेरा आणि एक कारागीर केला, तो सासूबाईंच्या पोळपाटाने पहिल्या फटक्यात गाठला होता. माझ्या लेन्समधून निघालेलं इतकं बिनचूक फोकसचं चित्र मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ते निघालं तेव्हा मी जवळपासही नव्हतो.

साडी तशीच धरून मी खाली आलो आणि सगळ्यांना हे उत्साहाने सांगू लागलो. सासूबाईंनी साडी हातात घेतली, रेघेवरून बोट फिरवलं.

"जावईबापू, पहिल्या दिवाळीची साडी आहे ही. पंचवीस वर्षं पापडांना वापरतेय, एक डाग नव्हता."

सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढलं.

"लेन्सला काही झालं नाही ना?"